आत्याची वही आणि वनात गेलेला राजा

श्रावण अर्धा उलटला की आमच्या वाशिमच्या घरात भिंती ओल धरतात, पापड मऊ पडतात आणि माझा स्वभाव चिडका होतो. घरच्यांना वाटतं, गुडघे दुखतात म्हणून. गुडघे दुखतातच, ते काही खोटं नाही. पण दरवर्षी याच दिवसांत दुपारी तीनच्या सुमाराला, पाऊस सरळ रेषेत पडत असताना, माझ्यापुढचा चहा तसाच निवून जातो. त्याला औषध नाही हे मला पन्नास वर्षांपासून माहीत आहे.

यंदा नात आली होती पुण्याहून. इरा. सोबत तीन मैत्रिणी. माझ्या जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड काढून त्यांनी तिथे नकाशा पसरला, रंगीत फासे मांडले. आठ बाजूंचे, बारा बाजूंचे, एक तर वीस बाजूंचा. मी भाजी निवडता निवडता ऐकत होते. एकीने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी सोंगं घ्यायची. एक चोर, एक वैद्य, एक तलवारवाली. ‘समोर गुहा आहे, काय करणार?’ असं विचारायचं. त्यांनी ठरवायचं, मग फासा टाकायचा. गोष्ट सांगायचं काम इराकडे होतं आणि तिच्या हातात एक छापील पुस्तक होतं. तयार साहस. विकत मिळतं म्हणे असं. गुहेत कोण आहे, दाराआड काय आहे, सगळं आधीच लिहिलेलं.

‘आजी, हे वाचून दाखवायला इतकं बोअर होतं ना,’ ती म्हणाली. ‘मी माझ्याच मनाचं घालणार आहे मध्ये मध्ये.’

मी निवडलेली गवार नको त्या परातीत टाकली. म्हटलं, ‘घाल. पण आधी सगळं वाच. समासातलंसुद्धा.’

‘समासात काही नसतं गं.’

खरंच नव्हतं. छापील पुस्तकाला समास कोरेच असतात. मी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं आणि तिला परत दिलं.

तयार गोष्ट हाती आली की माणूस जरा माजतो. कष्ट दुसऱ्याचे, मांडणी दुसऱ्याची आणि वाचणाऱ्याला वाटतं, याच्यापेक्षा मला बरं सुचलं असतं. मी सतरा वर्षांची असताना मला हेच वाटत होतं.

तेव्हा आम्ही शिरपूरला राहायचो. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही सगळे अकोला जिल्ह्यातले. मंदिराच्या वाटेवर बाबांचं पूजेच्या सामानाचं आणि किराण्याचं दुकान, पुढे दुकान, मागे घर. बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढल्याच वर्षीची गोष्ट. त्या वर्षी पावसाने मागची सगळी थकबाकी फेडायचं मनावर घेतलं होतं. चातुर्मासात आमच्यासारख्या जैन घरात बाहेर हिंडणं कमीच, पावलाखाली जीव चिरडतात म्हणून. पालेभाजी बंद, पाणी गाळून उकळून, जेवण दिवस मावळायच्या आत. घराला त्या महिन्यांत एक ठरलेला वास असे, ओल्या गाळण्याच्या फडक्याचा, केशराचा आणि मुगाच्या पापडाचा. दुपारचं जेवण आटपलं की संध्याकाळच्या चुलीपर्यंत वेळच वेळ. त्या वेळात आमच्या ओसरीवर पट मांडला जाई.

मोक्षपट पुष्कळांनी पाहिला असेल. कापडावर रंगवलेली घरं, शिड्या, साप. कवड्या टाकायच्या, वर चढायचं, खाली यायचं. आमच्याकडचा पट मात्र निराळा खेळत. ती सगळी ताराआत्याची करणी. ताराआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. तिने या खेळात सोंगं आणली होती. कोणी राजा व्हायचं, कोणी राणी, कोणी व्यापारी. प्रत्येक घराला एक प्रसंग ठरलेला. सोंगटी तिथे आली की आत्या वहीतून प्रसंग वाचायची, सोंगवाली आपलं उत्तर द्यायची, मग कवड्या. सहा कवड्या, जितक्या उताण्या पडतील तितकं दान. नियम दोनच आणि कडक: एकीच्या कवड्या दुसरीने टाकायच्या नाहीत आणि एका बैठकीला ज्याचं त्याचं एकच दान.

प्रसंगांची ती वही लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, आत्याच्या बारीक सरळ अक्षरातली. त्या वर्षी आत्या चातुर्मासाला कारंज्याला गेली. जाताना वही माझ्या हातात ठेवून म्हणाली, ‘यंदा पट तू चालव. वहीत हाय तेवढंच वाच. आपल्या मनचं घालू नको, मालू.’

मी मान डोलावली. आणि ती गेल्यावर वही वाचून मला हसू आलं. किती रुक्ष! ‘व्यापाऱ्यास वाटेत नदी लागते. नाव आहे की नाही ते दान सांगेल.’ बस, एवढंच. नदी कशी, पाणी कसं, नावाडी कोण, काही नाही. मी मॅट्रिकच्या निबंधात वर्गात पहिली आलेली मुलगी. मला नद्यांची वर्णनं येत होती. कुठे कुठे तर समासात आत्याने सूचना लिहून ठेवल्या होत्या. ‘इथे व्यापाऱ्यास हसू नये.’ ‘इथे लवकर पुढे जावे.’ आणि राजा वनात जातो त्या प्रसंगापाशी, शाई दोनदा गिरवून: ‘इथे राणीस काही विचारू नये.’ का, ते नव्हतं. मला वाटलं, आत्याला दुसऱ्याला बोलू देणं जमतच नाही, म्हणून लिहिलंय.

त्या वर्षी पटावर राणी होती माझी वहिनी, कुसुम. अनसिंगची. माझ्याहून वर्षाने मोठी, आठ महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली आणि चौथा महिना लागलेला. बोलायची फार थोडं. कुठलंही काम सांगितलं की ‘हो’, आणि ते झालेलं असायचं. आईला भारी सून मिळाली, असं गल्लीत सगळे म्हणत. मीही म्हणायचे. पटावर तिने राणी व्हावं, हेसुद्धा आईनेच ठरवलं होतं.

राजा होती झुलेखा खाला. शेजारच्या शिंपीकाकांची बायको, अंगाने आडवी, आवाजाने खणखणीत. आमच्या घरात पाणी प्यायची नाही, आमचं सोवळं सांभाळायला ओसरीच्या पायरीवरच बसायची. तिथून हात लांब करून अशा कवड्या फेकायची की निम्म्या अंगणात जायच्या. कमरेला पानाची चंची कायम. ‘मी राजाच होईन, बाकी काही होणार नाही,’ असं तिने आषाढातच सांगून टाकलं होतं. आई व्यापारी व्हायची आणि प्रत्येक दानाला कुरकुरायची.

आणि ती दुपार. पाऊस असा लागला होता की ओसरीवर एकमेकींशी ओरडून बोलावं लागत होतं. राजाची सोंगटी वनाच्या घरात आली. वहीत होतं: ‘राजा वनात जातो. राणी दारापर्यंत जाते, हातावर दही ठेवते. राजा पाच उताण्या पडेपर्यंत वनातच राहतो. कवड्या पुढच्याने घ्याव्या.’

मी वाचलं. पण सोडायला जीव होईना. इतका चांगला प्रसंग, राजा चाललाय, आभाळ भरलंय आणि राणीने फक्त दही ठेवायचं? मी वही मांडीवर पालथी घातली. राजाचा घोडा कसा खिंकाळला, ते सांगितलं. दारातली पणती कशी विझली, ते सांगितलं. आई कुरकुरायची थांबली. खाला तोंडात पान तसंच धरून ऐकत होती. मला माझाच अभिमान वाटला आणि मी वहिनीकडे वळून म्हटलं, ‘राणी, राजा चालला. आता तू काय करशील?’

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ तिने माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मग तिने पदर सावरला, हात जोडले, डोळे मिटले, ओठांत णमोकार मंत्र म्हटला आणि स्पष्ट आवाजात बोलली, ‘राजा परत येईस्तोवर माह्या पोटात अन्नाचा कण जाणार नाही.’

आई ताडकन उभी राहिली.

आमच्या घरात नियम घेणं रोजचंच. आज गूळ नाही, चार महिने दही नाही. हात जोडायचे, णमोकार म्हणायचा, काय सोडलं आणि कुठवर सोडलं ते मोठ्याने बोलायचं. बोललं की झालं, मग ते पाळायचं. लहान पोरंही तसंच करतात. वहिनी सोंगात होती, पण हात तिचे होते आणि णमोकारही खराच होता.

‘अवं, खेळ हाय हा,’ आई म्हणाली.

वहिनी म्हणाली, ‘हो.’ आणि सोंगट्यांकडे पाहत राहिली.

आम्ही हसण्यावारी नेलं. खालाला म्हटलं, पुढच्या बैठकीत पाच टाका, राजाला लवकर घरी आणा. खाला म्हणाली, ‘आनतो ना! भूकमरी करतो का पोरीची?’ तेवढ्यात तिच्या घरून सांगावा आला. आसेगावला दिलेल्या तिच्या लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. खाला चंची सावरत उठली आणि चारच्या एस.टी.ने गेली. राजा गेला, हे दिवस मावळायला आल्यावर, पाटावर बसायच्या वेळी आमच्या ध्यानात आलं. वहिनीने सगळ्यांना वाढलं, स्वतःचं ताट घेतलं नाही.

पुढचा दिवस मला आजही तुकड्या-तुकड्यांत आठवतो. सकाळी बाबा छत्री घेऊन मंदिरात पंडितजींकडे गेले. पंडितजी भला माणूस. ते स्वतः घरी आले आणि वहिनीला म्हणाले, ‘बाई, खेळातला नियम नियम नसतो. पोटात जीव असताना असा नियम घ्यायचाही नसतो. तू जेव, दोष लागला तर माझ्या माथी.’ वहिनीने वाकून नमस्कार केला. ते जाईपर्यंत खाली मान घालून उभी राहिली. जेवली नाही.

दादा घुश्शात आला. ‘राजा म्हणजे नवराच नं? मी इथं उभा हाय तुह्यासमोर. आलो परत. जेव.’

‘राजा खाला हायेत,’ ती म्हणाली.

दादाचा चेहरा पाहून मला हसू फुटलं असतं, पण तेव्हा हसायची ताकद कोणात उरली नव्हती. आई आधी रागावली, मग रडली, मग पुन्हा रागावली. ‘काहून छळून राह्यली आमाले?’ वहिनी पाणी प्यायची, भाकऱ्या थापायची आणि भिंतीला टेकून बसायची. बाहेर पाऊस तसाच. आसेगावाकडच्या गाड्या बंद झाल्याचं दुपारी कळलं.

तेव्हा मी माझं डोकं चालवलं. पट चालवणारी मी. राजा वनात राहतो की घरी येतो, हे शेवटी माझ्याच तोंडून ठरतं. मी वही घेऊन तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, ‘वहिनी, ऐक. राजाला वनात साधू भेटला. त्याने मंत्र दिला. राजा घोड्यावर बसला आणि आला परत. झालं. उठ.’

तिने विचारलं, ‘वहीत हाय काय तसं?’

खोटं बोलायला एक श्वास पुरतो, पण मी तो आधीच दवडला होता. तिने हात पुढे केला, वही घेतली, पान काढलं. अनसिंगच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली ती, बोट ठेवून वाचत गेली. ‘पाच उताण्या पडेपर्यंत वनातच राहतो.’ मग बोट समासाकडे सरकलं. ते वाक्य तिने वाचलं, मलाही दिसलं की वाचलं. वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. त्या क्षणी मला जितकी लाज वाटली तितकी पुढे कधीही वाटली नाही. माझी सगळी वर्णनं, घोडा, पणती, कशाचाच काही उपयोग नव्हता. ज्या वहीला मी हसले होते, तिच्यातला एक रुक्ष नियम तेवढा खरा उरला होता आणि तो माझ्या वहिनीच्या पोटावर बसला होता.

त्या संध्याकाळी ती चुलीपाशी उठताना भोवळ येऊन बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणीही उलटून पडलं. दादाने गावातले डॉक्टर आणले. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि बाहेर येऊन बाबांना म्हणाले, ‘आज जेवली तर ठीक. आणखी एक दिवस असाच गेला तर पोटातल्याची हमी मी देत नाही. तिचीही नाही.’ ते मी दाराआडून ऐकलं.

संध्याकाळचे पाच वाजले असतील. हरिभाऊ गाडीवान चिखलाने माखून दुकानात आला आणि म्हणाला, गावाबाहेरच्या नाल्याला छातीभर पाणी आहे, एस.टी. पलीकडे अडकलीय आणि शिंपिणखाला तिच्यात आहे, तिथून लोकांवर ओरडून राह्यली आहे.

मी कवड्यांची पिशवी उचलली आणि पळाले. दादा मागून आला. मैलभर वाट होती. चप्पल चिखलात कधी राहिली, कळलं नाही. एकच गोष्ट डोक्यात: दिवस मावळायच्या आत. दिवस मावळला तर पाच पडूनही उपयोग नव्हता, आमच्याकडे अंधारात कोणी घास तोंडात घालत नाही. मग आणखी एक रात्र. आभाळ इतकं भरलेलं की दिवस कुठवर आलाय ते दादाच्या मनगटावरच पाहावं लागत होतं. साडेपाच झाले होते.

नाल्याच्या दोन्ही काठांना माणसं उभी होती. मधून गढूळ पाणी झाडाच्या फांद्या घेऊन धावत होतं. पलीकडे एस.टी. आणि तिच्यापुढे छत्री नसलेली, पदर डोक्यावर घट्ट ओढलेली खाला. हरिभाऊने तोंडाशी हात नेऊन हाळी दिली, ‘खालाऽऽ! कुसुमबाईनं अन्न सोडलंऽऽ! राजा आल्याबिगर जेवत नाही म्हणतेऽऽ!’

अर्ध्या तालुक्याला आमच्या घरचं कळलं. मला त्याचं काही वाटलं नाही.

खालाने दोन्ही हात डोक्यावर मारले. ‘तीन दिस? या अल्ला!’ मग ती ओरडली, ‘कवड्या कुठं हायेत?’ मी पिशवी वर करून दाखवली. मधलं पाणी पाहून दादाने माझा दंड धरला, मी उतरेन की काय या भीतीने. फेकली तरी पिशवी पोचली नसती.

खाला खाली बसली. कमरेची चंची काढली. तिने तीन सुपाऱ्या काढल्या आणि अडकित्त्याने मधोमध फोडल्या. सहा अर्धुकं. एक बाजू सपाट, एक गोल. ती हातावर धरून वर केली आणि सगळ्या काठाला ऐकू जाईल असं विचारलं, ‘मालू! सुपारी चालंल का?’

वहीत सुपारीचं काही नव्हतं. दोन्ही काठांवरची माणसं माझ्याकडे पाहत होती, जणू मी कोणी न्यायाधीश. मी ओरडले, ‘चालंल!’

कंडक्टरने आपला पंचा चिखलावर अंथरला. खालाने मूठ तोंडाशी नेली, पुटपुटली आणि टाकली. मग ती वाकली. मोजायला सहा तर अर्धुकं, पण ती वाकलेलीच. आमच्या काठावरून कोणालाच काही दिसत नव्हतं, फक्त तिची पाठ. दादाची बोटं माझ्या दंडात रुतली होती. मग ती उभी राहिली, डावा हात उंच केला, पाचही बोटं पसरली आणि उजव्या हाताने एकेका बोटाला हात लावून आम्हाला मोजून दाखवलं. एक. दोन. तीन. चार. पाच.

मी परत फिरून धावत सुटले.

वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी चटईवर पडली होती. ओठ पांढरे. आई उशाशी बसून णमोकार म्हणत होती. मी धापा टाकत म्हटलं, ‘पाच पडले. राजा आला.’

तिने डोळे उघडले. ‘तुमी पाह्यलं?’

‘पाह्यलं.’

‘तुमच्या डोयानं?’

‘माह्या डोयानं,’ मी म्हटलं.

आईने मुगाच्या डाळीचं पाणी आणि मऊ भात घेतला, तिला भिंतीशी टेकवून बसवलं. दादा दारात उभा राहून मनगटाकडे पाहत होता. पहिला घास तिने तोंडात धरून ठेवला, गिळला, मग दुसरा घेतला. त्या घरात त्या दिवशी तिच्या आधी कोणी जेवलं नाही. मी परसात जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले. सुटल्याचं रडणं होतं ते आणि दुसरंही काही होतं.

पाणी ओसरल्यावर खाला आली. तिच्या लेकीला मुलगा झाला होता. ती पायरीवर बसून सगळं सांगत होती आणि मी तिच्या चंचीकडे पाहत होते. मी विचारलं, ‘खाला, खरंच पाच होते?’ ती सुपारी कातरायची थांबली नाही. म्हणाली, ‘कवड्या अल्लाच्या हातात, मालू. सुपारी माह्या अडकित्त्यातली होती.’ आणि उठून गेली.

पट त्या वर्षी पुन्हा मांडला नाही. दिवाळीनंतर आत्या कारंज्याहून आली तेव्हा तिला सगळं कळलेलंच होतं. मला वाटलं, बोलेल. ती सामान लावत राहिली. मीच वही तिच्या हातात देत म्हटलं, ‘का ते लिहायचं होतं आत्या. नुसतं विचारू नये लिहिलं की काय कळणार?’ आत्याने पुठ्ठ्यावरून हात फिरवला. ‘एकदा इचारलं होतं मी,’ एवढंच ती म्हणाली. कोणाला, राणी कोण होती, काय झालं, ते तिने मरेपर्यंत सांगितलं नाही. त्या वहीतलं प्रत्येक कोरडं वाक्य मला त्यानंतर निराळं दिसायला लागलं. कोणीतरी कुठेतरी पोळलं होतं आणि आत्याने तिथे कोरडी राख टाकून ठेवली होती. तयार गोष्टीत फुलोरा नसतो, कारण ती रचणाऱ्याने तो खेळून पाहिलेला असतो. माघात वहिनीला मुलगी झाली, सुखरूप. हे सगळं मी आत्ताच सांगून टाकते. कारण मला जे सांगायचंय ते याच्या आधीचं आहे, भाद्रपदातलं.

आमचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व संपलं की क्षमावणीचा दिवस येतो. सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागायची. मंदिरात मागायची, गल्लीत मागायची, घरातही मागायची. बहुतेकदा ते तोंडपाठ असतं, हात जोडले, बोललो, पुढे. त्या दिवशी सकाळी मी आईची मागितली, बाबांची, दादाची, पायरीवरच्या खालाचीसुद्धा. वहिनीकडे जायला पाय उचलेना. ती स्वयंपाकघरात सुपात मूग घेऊन निवडत बसली होती. मी समोर बसले, हात जोडले आणि ठरवून ठेवलेलं सगळं विसरून म्हटलं, ‘वहिनी, मी खोटं बोलले. पाच पडलेले मी पाह्यले नाही. नाल्यापल्याड होते ते. मले माफ कर.’

तिचा हात सुपात थांबला. आता ही म्हणणार, नियम मोडला. आता ही पुन्हा हात जोडणार.

‘माफ केलं,’ ती म्हणाली. मग तिनेही हात जोडले. ‘तुमीही मले माफ करा, मालतीबाई. तुमच्या आईले लय रडवलं मी.’

तिचा आवाज इतका साधा होता की मला धीर आला, आणि थोडा रागही आला. त्या तीन दिवसांचा साठलेला राग. ‘पण तू असा नियम घेतलाच काहून?’ मी म्हटलं. ‘राणी होतीस नं? दागिने सोडायचे. महाल सोडायचा. नाही तं आपलं दही सोडायचं.’

ती माझ्याकडे पाहायला लागली, त्या दुपारी पाहिलं होतं तशीच.

‘महाल तुमचा हाय,’ ती म्हणाली. ‘दागिने सासूबाईच्या कपाटात हायेत. दही त्या वाढतील तवा मियते. आठ महिन्यांत या घरात मले कोणी काही इचारलं नव्हतं, मालतीबाई. तुमी पयल्यांदा इचारलं, तू काय करशील म्हणून. मंग मी पाह्यलं, माह्यापाशी सोडाले हाय काय? एक पोटात घालाचा घास तेवढा माह्या हातातला होता.’

मूग निवडून झाले होते. तिने सूप उचललं आणि ती आईला विचारायला गेली, किती भिजत घालू म्हणून.